पितृपक्षातली टेस्ट ड्राइव्ह

आमच्या घरात चारचाकी घ्यायचा विषय पहिल्यांदा निघाला तो १९९९ साली. मी जिल्हा परिषदेच्या शाळेवर लागून वर्ष झालं होतं आणि ओळखीतल्या एकाची जुनी मारुती ८०० विकायला होती. बाबांना मोठ्या उत्साहानं सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, "खाते काय?" मी म्हटलं, "पेट्रोल." "म्हंजे वावरात चरत नाही." झालं, विषय संपला. तो पुन्हा निघायला २०२५ साल उजाडावं लागलं.

मधल्या सव्वीस वर्षांत आमचं गाडीवाचून काही अडलं नाही, असं मी सगळ्यांना सांगत आलो. यवतमाळात घर, शाळा पंधरा किलोमीटरवर, त्यासाठी मोटरसायकल. आर्णी रोडवरच्या गावी जायला एसटी, एसटी चुकली तर काळी-पिवळी. काळी-पिवळीत ड्रायव्हरच्या उजव्या हातालाही एक माणूस बसतो. त्या सीटवरून ज्यानं प्रवास केलाय, त्याला नंतर कुठल्याच गाडीचं भय वाटत नाही :)

आणि मायला तर एसटीशिवाय काही चालतच नव्हतं. २६ ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीपुढच्या लोकांना राज्यात एसटीचा प्रवास फुकट झाला. मायच्या आधार कार्डावर जन्मतारीख आहे १ जानेवारी १९४८. (तिच्या पिढीतली निम्मी माणसं एक जानेवारीलाच जन्मलेली आहेत.) २०२३ च्या एक जानेवारीला तिला पंचाहत्तर पूर्ण झाली आणि त्याच आठवड्यात ती पुसदला माझ्या बहिणीकडे जाऊन आली. शून्य रुपयाचं तिकीट तिनं बटव्यात जपून ठेवलं होतं. मग दोन-अडीच वर्षं तिनं जिल्हा पालथा घातला. कळंबच्या चिंतामणीला तर महिन्यातून एकदा. तिथलं देऊळ जमिनीच्या पातळीखाली आहे, पायऱ्या उतरून जावं लागतं. ती उतरायची आणि चढायची.

२०२५ च्या जून महिन्यात बसच्या पहिल्या पायरीवरून तिचा पाय घसरला. हाड मोडलं नाही, पण गुडघा आधीच झिजलेला होता, तो बसला. डॉक्टरांनी वाटीचं ऑपरेशन सुचवलं, मायनं ते धुडकावलं. मग वॉकर आला. एसटीची पायरी तिच्यासाठी कायमची उंच झाली. दोन वेळा सेवाग्रामला दाखवायला भाड्याची गाडी केली. दुसऱ्या वेळी येताना ती वाटेत एक शब्द बोलली नाही. घरी आल्यावर म्हणाली, "बाबू, माह्या नावाचे ते पैसे हायेत नं, त्याची गाडी घे."

ते पैसे म्हणजे काय, हे सांगायला हवं.

नागपूर-तुळजापूर महामार्ग चौपदरी करायचं ठरलं तेव्हा आमचं वावर त्यात आलं. बाबा २०१४ मध्ये गेले होते, सातबाऱ्यावर माय, दादा, मी आणि बहीण अशी चार नावं होती. मोजणीवाले आले, खुणा रोवून गेले. त्या काळात गावातल्या अडाण्यातल्या अडाणी माणसालाही राष्ट्रीय महामार्ग कायद्यातली कलमं पाठ झाली होती. पारावर विचारपूस चालायची, "तुह्यं थ्री-डी झालं काय?" थ्री-ए म्हणजे सरकारचा इरादा, थ्री-डी छापून आलं की जमीन सरकारची. मग मोबदला. जमिनीचे वेगळे, विहिरीचे वेगळे, झाडांचे वेगळे. आमचं एक एकराच्या थोडं वर गेलं. त्यात बाबांनी खोदलेली विहीर आणि दोन आंबे. उरलेल्या वावराचे दोन तुकडे झाले, एक रस्त्याच्या अलीकडे, एक पलीकडे. आजही दादाला या तुकड्यातून त्या तुकड्यात बंडी न्यायची तर पुढच्या वळणापर्यंत जाऊन परत यावं लागतं.

पैसे २०१८ मध्ये आले. वाटे झाले. भावाबहिणीत तंटा झाला नाही, ही आमच्या गावात नवलाची गोष्ट. मायनं आपला वाटा बँकेत मुदत ठेवीत टाकला आणि पुन्हा त्याचं नाव काढलं नाही. मुलीच्या शिक्षणाच्या वेळी मी एकदा सुचवून पाहिलं होतं. ती म्हणाली, "ते वावर हाय. वावर खाऊ नाई." कागदावर सगळ्यात पहिली सही तिची होती, हे ती विसरलेली नव्हती. तयार नसतानाही करावीच लागली असती, हे आम्ही शंभरदा सांगितलं. पण सही तिची होती.

आता तीच म्हणत होती, गाडी घे.

मी ठरवलं, घ्यायचीच तर नीट पाहून घ्यायची. आणि नेमका मुहूर्त असा, की मला मोकळा वेळ मिळाला तो गणपती बसवून उठवल्यावर, म्हणजे ८ सप्टेंबरपासून. पितृपक्ष. "पितरपाटात गाडी पाहाले निंगाला काय?" माय म्हणाली. मी म्हटलं, पाहायला हरकत नाही, घ्यायची नाही.

पण खरं सांगतो, कुणाला गाडी घ्यायची असेल तर पाहायला पितृपक्षासारखा पंधरवडा नाही. आणि त्या वर्षी तर दुहेरी योग होता. छोट्या गाड्यांवरचा जीएसटी अठ्ठावीस टक्के आणि वरचा सेस, तो अठरा टक्क्यांवर आणायचं ३ सप्टेंबरला ठरलं, आणि लागू होणार होतं २२ तारखेपासून. २१ ला सर्वपित्री अमावस्या, २२ ला घटस्थापना! म्हणजे श्रद्धाळूही थांबलेला आणि हिशोबीही थांबलेला. पाच लाख मूळ किमतीची पेट्रोल गाडी आधी करासकट सहा लाख पंचेचाळीस हजारांना पडायची, ती पाच लाख नव्वदला येणार. पंचावन्न हजार कोण सोडतो? शोरूममध्ये सगळी पोरं टाय लावून माश्या मारत बसलेली. मी आत शिरलो की चौघं उठायचे. एरवी माझ्या चपलांकडे पाहून कुणी उठलं नसतं.

कुठल्या कंपनीच्या गाड्या पाहिल्या ते लिहीत नाही. उगाच एकाची जाहिरात आणि दुसऱ्याची बदनामी नको. तीन पाहिल्या. एक बुटकी, चपटी, दिसायला फार देखणी. एक उंच, जीपच्या घाटाची. आणि एक डब्बा. डब्ब्याचं घराणं तुम्हाला माहीत आहे: १९९८ ची सँट्रो, १९९९ ची वॅगन आर, सगळं वरच्या बाजूला वाढलेलं. सँट्रो आली तेव्हा आमच्या स्टाफरूममध्ये तिला सगळे हसले होते. टोपी घालून बसता येईल अशी गाडी, म्हणून. तेव्हा आम्ही सगळे पंचविशीचे होतो, गुडघे नवे होते.

गाडी कशी पाहायची हे मला ठाऊक नव्हतं. बैल कसा पाहायचा ते थोडं ठाऊक होतं. १९८६ च्या सुमारास बाबांनी मला बैलबाजारात नेलं होतं. त्यांनी दात पाहिले, खुर पाहिले, भोवरे पाहिले, ते सगळेच पाहतात. मग ज्याच्यावर मन बसलं होतं त्या बैलाला त्यांनी बसू दिलं. दलाल घाई करत होता. बाबा समोर उकिडवे बसून राहिले, बिडी ओढत. अर्ध्या तासानं बैल उठला, तेव्हा ते त्याच्या मागच्या पायांकडे पाहत होते. मला म्हणाले, "उभे बैल सारेच चांगले. उठताना पाहाचं." तो बैल त्यांनी घेतला नाही. दुसरा घेतला, तो बारा वर्षं राहिला.

तर मी शिंप्याचा टेप खिशात घालून निघालो. घरच्या ज्या लाकडी खुर्चीवरून माय वॉकर धरून एकटी उठते, तिची बैठक जमिनीपासून अठरा इंच. बाजेवरून उठता येत नाही, ती चौदा इंच. म्हणजे अठराच्या खाली नको. वर किती चालेल? पलंगाला गादी टाकून साडेबावीस होतो, तिथं ती टेकते आणि पाय जमिनीला लागतात. पंचवीस झाले की पाय लोंबकळतात आणि टेकायलाच उडी मारावी लागते. गाडीची मापं छापणारे चाकांमधलं अंतर छापतात, डिकीचे लिटर छापतात, पण सीट जमिनीपासून किती उंच हे पत्रकावर मला दिसलं नाही. टेप काढल्यावर पहिल्या शोरूममधला पोरगा म्हणाला, "सर, कव्हर शिवायचे का? ते आपण ॲक्सेसरीजमध्ये देतो."

बुटकी गाडी मी चालवली, आणि लिहायला लाज वाटते पण तीच मला सर्वांत आवडली. १९९६ मध्ये ड्रायव्हिंग स्कूलच्या मारुतीवर शिकलेला माणूस मी. लायसन्स दोनदा नवं केलं, गाडी मात्र मित्रांची, तीही लग्नकार्यात. शोरूमच्या फाटकातच दोनदा बंद पाडली. तिसऱ्यांदा निघाली ती लोण्यासारखी. आरशात पाहिलं तर मी चाळिशीचा दिसत होतो. दोन किलोमीटर गेल्यावर पोरगा म्हणाला, "सर, आता यू-टर्न घ्या, रूट एवढाच आहे." घरी येऊन बायकोला वर्णन करून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "सीट किती इंच?" साडेअठरा. अठराच्या वर होती, पण दाराचा उंबरठा रुंद आणि छत उतरतं. मान तिरकी करून, कंबर वाकवून, एका पायावर तोल सांभाळत आत शिरायचं. मीच शिरताना डोकं आपटलं होतं, ते मी सांगितलं नव्हतं.

डब्ब्याला मी करळगावच्या घाटात न्यायचं म्हटलं. धामणगावच्या रस्त्याला हा घाट लागतो, मोठा नाही, पण आमच्याकडे जे आहे ते हेच. चार माणसं बसवून, एसी लावून चढवायची. एकट्या माणसानं सपाट रस्त्यावर चालवलेली गाडी म्हणजे उभा बैल. शोरूमवाले आधी नाही म्हणाले, मग पितृपक्ष आठवून हो म्हणाले. मी सकाळी साडेनऊला जाऊन बोनेटवर हात ठेवून इंजिन गार असल्याची खात्री केली. हा सल्ला फुकट देतो: गरम इंजिन सगळ्यांचं गोड बोलतं. घाटात ती दुसऱ्या गियरवर आली, थोडी कण्हली, पण चढली. चढावर थांबवून पुन्हा काढायला सांगितलं तेव्हा मागे सरकेल म्हणून माझ्या हाताला घाम आला. ती सरकली नाही. हल्ली त्यासाठी काहीतरी सोय असते, दोन-तीन सेकंद ब्रेक धरून ठेवते. सीट साडेबावीस इंच. उंबरठा जवळजवळ नाहीच. मी टेप गुंडाळला आणि मनात म्हटलं, झालं.

पुण्याहून मुलीचा फोन आला. "बाबा, स्टार किती?" तिनं सगळं शोधून ठेवलं होतं. भारत एनकॅप म्हणून गाड्या आदळवून पाहायची आपली स्वतःची योजना १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झाली आहे. कंपनीला वाटलं तर ती गाडी पाठवते, सक्ती नाही. उंच गाडीला पाच तारे होते. डब्ब्याच्या बाबतीत सांगण्यासारखं फारसं नव्हतं, सहा एअरबॅग होत्या एवढं मी तिला ऐकवलं. "एअरबॅग म्हणजे स्टार नाही बाबा. आजीला घेऊन तुम्ही हायवेला जाणार. तुम्ही टेपनं मोजताय काय, आदळल्यावर काय होतं ते बघा ना." तिचं चूक नव्हतं. त्या महामार्गावर आम्ही काय काय पाहिलंय ते आर्णी रोडवरच्या लोकांना विचारा. फोन ठेवल्यावर मी दोन दिवस टेप खिशात घातला नाही.

मग उंच गाडी. तिच्या शोरूममधला मुलगा घाटंजीकडचा होता, तेवीस-चोवीसचा. मला सर न म्हणता काकाजी म्हणाला, तिथंच निम्मी गाडी विकली त्यानं. महिन्याला अमुक गाड्या गेल्या तर पगार पूर्ण, असं त्याचं गणित होतं आणि त्या महिन्यात आठवडा उलटला तरी एक गेली नव्हती. मी म्हटलं, गाडी मला नाही, माझ्या मायला पाहायची आहे, घरी आणशील? तो आला.

त्या दिवशी नेमकी बाबांची तिथी होती. सकाळी वडे, कढी, खीर, भजी झाली होती. कावळा लवकर आला म्हणून माय खुशीत होती. मुलानं पान वाढलं तर संकोचला, मग नीट जेवला. दुपारी पाऊस थांबलेला पाहून आम्ही मायला बाहेर आणलं. सीट सव्वीस इंच. मी बायकोकडे पाहिलं, बायकोनं माझ्याकडे. मुलानं काही न बोलता आमच्या मोरीतला प्लास्टिकचा स्टूल आणला, उलटा करून दाबून पाहिला, गाडीच्या दाराशी ठेवला. फिजिओथेरपीच्या बाईंनी शिकवलं होतं, आधी पाठमोरं होऊन टेकायचं, मग दोन्ही पाय मिळून आत घ्यायचे, आणि सीटवर प्लास्टिकची पिशवी टाकली की माणूस सहज वळतो. (ही युक्ती खरंच चालते. कापडाच्या दुकानातली गुळगुळीत पिशवी घ्यावी.) पण स्टुलावर चढून पाठमोरं होणं म्हणजे सर्कस. दोघांनी दोन काखांत हात घालून तिला वर बसवलं. पुढच्या सीटवर. मागे बसवली असती, पण मागची खिडकी लहान आणि वर चढत गेलेली. "हे काय, कोठीच्या खोलीवानी," असं ती आत डोकावूनच म्हणाली होती.

"कुठं जायचं आजी?" मुलानं विचारलं.

"वावरात," माय म्हणाली.

मुलगा माझ्याकडे पाहायला लागला. त्यांचा रूट ठरलेला होता, गाडीत यंत्र होतं, किती किलोमीटर कुठं गेली ते मॅनेजरला दिसायचं. मी म्हटलं, राहू दे. तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, "चला."

चालवत मी होतो. मुलगा मागे, बायकोशेजारी. पाच वर्षांहून जास्त तो रस्ता तयार होऊन झाला असेल, पण माय त्यावरून गेली ती एसटीच्या आतल्या बाजूच्या सीटवरून, गर्दीत. आमचं वावर कुठं आलं आणि कुठं गेलं, हे तिला कधी नीट दिसलंच नव्हतं. की तिनं पाहिलं नव्हतं, कोण जाणे. आज पुढच्या काचेतून सगळं येत होतं. दोन्ही बाजूंना पऱ्हाटी, पावसानं खालून पिवळी पडलेली, सोयाबीनमध्ये पाणी उभं. माय एकेकाचं वावर ओळखत होती. हे अमक्याचं. हे त्याच्या भावाचं, पण आता वाहत नाही तो. गाडी सत्तरवर होती आणि आत आवाज नव्हता, एवढं चांगलं इंजिन होतं.

"आता आपलं येईल," मी म्हटलं.

"इहीर?"

"इहीर रस्त्याखाली आहे माय. या बाजूच्या."

ती पुढं वाकली, पट्टा ताणला गेला. मी बोट दाखवेपर्यंत मैलाचा दगड गेला, दादाचं पंपाचं शेड गेलं.

"आली काय?"

"गेली."

कुणी काही बोललं नाही. सत्तरच्या वेगानं एक विहीर आणि दोन आंबे ओलांडायला किती वेळ लागतो, हे मी त्यानंतर बरेचदा मोजायचा प्रयत्न केला आहे. डोळ्याची पापणी लवेपर्यंत, एवढंच येतं. त्या विहिरीला बाबांना दोन उन्हाळे लागले होते. खाली काळा फत्तर लागला तेव्हा सुरुंगाला पैसे नव्हते म्हणून मायच्या पाटल्या मोडल्या होत्या.

मागून तो मुलगा म्हणाला, "काकाजी, पुढून वळवा." वळण पुढं होतं. वळलो, पलीकडच्या बाजूनं परत आलो, पुन्हा पुढं जाऊन वळलो. या वेळी त्यानं मला कडेच्या पट्ट्यात घ्यायला लावली आणि चारही इंडिकेटर लावायला सांगितले. "थांबू नका, थांबता येत नाही इथं. पण हळू चालवा." वीसच्या वेगानं आम्ही आमच्या वावरावरून गेलो. गाडी उंच होती म्हणून कडेच्या लोखंडी कठड्यावरून माय पलीकडे पाहू शकत होती. दादाची पऱ्हाटी, धुऱ्यावरचं लिंबाचं झाड, तेवढं वाचलेलं. तिनं काच खाली करायला सांगितली. ट्रक भोंगे वाजवत शेजारून जात होते.

"एवढ्यातच होतं," ती म्हणाली. मग बऱ्याच वेळानं, "रस्ता चांगला केला पण."

येताना मुलानं मॅनेजरला फोनवर सांगितलं, डायव्हर्जन होतं म्हणून फिरून यावं लागलं.

तिला उतरवायला पुन्हा तोच स्टूल, पुन्हा दोघं. उतरताना तिचा पाय स्टुलाऐवजी हवेत गेला आणि आम्ही तिघांनी तिला धरलं. ती काही बोलली नाही, पण वॉकरवर हात ठेवल्यावर तिचे दंड थरथरत होते. मी बाबांसारखा समोर उकिडवा बसलेलो नव्हतो, पण पाहायचं ते पाहिलं.

रात्री मी तिच्यापुढं सगळं मांडलं. मुलीचे तारे, माझे इंच. उंच गाडीला पायदान लावून मिळतं, तेही सांगितलं. खरं तर मला ती आता घ्यावीशी वाटत होती. तिच्यातून वावर दिसलं होतं. मुलालाही एक गाडी मिळाली असती. माय सुपारी कातरत होती. म्हणाली, "पाह्याचं एक दिवस, बसाचं रोज. मले कोणी उचलून ठेवते, ते नाई पाह्यजे."

आणि मुलीला मी शब्द दिला, तो लिहून ठेवतो म्हणजे मोडता येणार नाही: मायला घेऊन महामार्गावर साठच्या वर नाही, मागे बसणाऱ्यानंही पट्टा लावायचा, आणि दिवस मावळल्यावर निघायचं नाही. "हे पाच तारे नाहीत बाबा," ती म्हणाली. नाहीतच.

घाटंजीच्या मुलाला फोन करून नाही सांगणं मला त्या सगळ्या प्रकरणात सर्वांत जड गेलं. तो म्हणाला, "ठीक आहे काकाजी, आजीला जे जमेल ते." मी त्याला दोन गिऱ्हाइकं पाठवली. एकानं घेतली, एकानं अजून नाही.

पुढचं काही सांगण्यासारखं नाही. घटस्थापनेच्या दिवशी डब्बा बुक केला. सीएनजीचा घेतला नाही, कारण टाकी ठेवली की डिकीत वॉकर बसत नव्हता. कोटेशनमध्ये 'हँडलिंग' म्हणून काही हजार लावलेले होते, ते कशाचे असं तीनदा विचारल्यावर निघाले. तुम्हीही विचारा. मुदत ठेव मोडायला माय स्वतः बँकेत आली आणि तिथं तिनं सही केली, सावकाश, एकेक अक्षर. कागद परत देताना म्हणाली, "ह्या सहीचा दोष नाई लागत."

दसरा २ ऑक्टोबरला होता. शोरूममध्ये एवढी गर्दी, की आमचा नंबर लागेपर्यंत दोन वाजले. नारळ, हार, चाकाखाली लिंबं, सगळं झालं. मायनं चाकाला हळदीकुंकू लावायच्या आधी दार उघडायला सांगितलं, पाठमोरी झाली, टेकली, पिशवीवरून वळली आणि दोन्ही पाय आत घेतले. एकटीनं. शेजारच्या गाडीचा फोटो काढणारे लोक थांबून पाहायला लागले.

घरी न जाता सरळ गावाकडे गेलो. दादा आपट्याची पानं घेऊन पांदणीच्या तोंडाशी उभा होता. मी पांदणीत गाडी घालायचा विचार केला आणि पहिल्या चिखलाशीच सोडून दिला, काळ्या मातीत तिचं काम नाही. तिथंच उभी केली. वावर दीडशे पावलांवर, पण दीडशे पावलं वॉकरला त्या चिखलात शक्य नव्हती. दादानं वावरातून पऱ्हाटीचं एक झाड बोंडांसकट आणून मायच्या हातात दिलं. तिनं दार उघडून पाय बाहेर काढले, मातीवर ठेवले आणि बोंडं पाहत बसली. किती किडलीत, किती भिजलीत. चावी लावलेलीच होती, त्यामुळे गाडी टुंग टुंग वाजायला लागली.

"हे काऊन ओरडून रायलं रे?"

"दार उघडं आहे म्हणून."

"राहू दे उघडं," ती म्हणाली, आणि दादाला विचारायला लागली, पहिला वेचा कधी निघेल म्हणून.